लांबवलेलं नाव

इंदूमावशी गेली त्या दिवशी माझ्या फोनमधल्या निम्म्या लोकांनी स्टेटसला एकच गाणं लावलं होतं. पिवळ्या साडीतली मावशी, मान डावीकडे किंचित मागे टाकलेली, आणि खाली जोडलेल्या हातांचं छोटं चित्र. यापेक्षा योग्य श्रद्धांजली कोणती, असं लोकांना वाटलं असणार. मी अंगठ्यानं एकेक पुढे सरकवत होते आणि प्रत्येक वेळी मला तिचा आवाज ऐकू येत होता, "काढून टाक नं वं तो. काढ म्हणते नं."

तो व्हिडिओ लोकांच्या फोनमधून जावा म्हणून ती शेवटची काही वर्षं दारोदार फिरली होती. आणि तो घेतला होता मी.

इंदूमावशी आमची शेजारीण. नात्यानं कुणीच नाही, पण आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच होती आणि मावशीला ती भिंत वाटतच नसे. तिचे यजमान कालव्याच्या खात्यात होते. लांजीकडचं गाव सोडून ती दोघं बालाघाटला आली आणि इथलीच झाली. यजमान गेल्यावरही ती एकटी राहिली, पण एकटी वाटली नाही, कारण ती सतत बोलायची. माणूस नसेल तर गॅसच्या सिलिंडरशी. "आजच संपाचं होतं का तुले? पाव्हणे दिसले का?" तांदूळ निवडताना गुणगुणायची, आणि खडा सापडला की गाणं न थांबवता तो खडा माझ्या दिशेनं फेकायची.

मी फार बोलत नसे. शाळा इंग्रजी, मध्य प्रदेशातला म्हणून बाजार हिंदी, मराठी घरातली आणि तीही आईपुरती. मावशीनं एकदा भिंतीवरून आईला सांगितलं, "तुही निकी हुशार हाय वं. तीन भाषेत गप्प राह्यते." आई हसली. मी आत गेले. मावशी मागून ओरडली, "सांगून टाकत जाय, पोरी. पोटात ठेवलं की वात होते!"

हे तिचं नेहमीचं. कुणी रुसलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा निकाल लागला, मावशीचा उपाय एकच: सांगून टाक. तिच्या स्वतःच्या पोटात काय आहे ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या भागात हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणतात. त्यात मावशीचा हात, म्हणजे गळा, धरणारं कुणी नव्हतं. आवाज असा की मांडवातल्या पंख्याची घरघर ऐकू येईनाशी व्हायची. गाणी चिडवायची. एका लग्नात नवऱ्याकडचे एक काका जेवणावरून कुरकुर करत होते, भात मऊ झाला, वरण पातळ झालं. मावशीनं त्यांच्याकडे न बघता सुरू केलं:

हळद लागली नवऱ्याले, नवरा झाला पिवळा,
काकाजीनं आणला डब्बा, लाडू एकच शिळा.

काका उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत.

प्रत्येक ओळीच्या आधी मावशी मान डावीकडे मागे टाकायची. मला ती तिची ऐट वाटायची. मग एकदा मी बाजूला उभी होते म्हणून दिसलं. तिच्या मागे एक वाळकी, सावळी बाई उभी असायची, पदराचं टोक दातात, उजवा हात मावशीच्या खांद्यावर. मावशीनं मान मागे टाकली की ती बाई कानात काहीतरी कुजबुजायची, आणि दुसऱ्या क्षणी ती ओळ मावशीच्या तोंडून सगळ्या मांडवात जायची.

ती पारबताबाई, मावशीची मोठी जाऊ. ती लांजीजवळ गावीच राहायची आणि लग्नाकार्याला बसनं यायची. गाणी तिची. धानाच्या रोवणीच्या चिखलात वाकून वाकून तिनं ती जुळवलेली. पण तिचा आवाज घोगरा, आणि चार बायकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. मावशी हे कुणापासून लपवत नसे. "माह्या गळ्यात आवाज अन् डोक्यात भुसा," ती म्हणायची. "जाऊबाईचं उलटं. देवानं दोघींत मिळून एक बाई बनवली."

एक रीत मात्र होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नाव घालायचं, आणि ते गाणारणीचं. मावशी म्हणाली तर तिचं, दुसरी कुणी म्हणाली तर तिचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अंगणात बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असायचं की गाणं पारबताबाईचं आहे, कारण ती तिथंच उभी असायची.

माझ्या मोठ्या बहिणीच्या हळदीला मी फोन धरला. त्या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

इंदू सांगे ईहिणीले, पोर माही जप वं,
रागावशीन तं मले रागाव, तिच्यापाशी गप वं.

ईहीण म्हणजे विहीण. तोवर चिडवत आलेलं गाणं तिथं एकदम हळवं होतं. मावशीनं "इंदू" हे नाव असं काही लांबवलं, इंदूऽऽ, की हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. माझ्या बहिणीनं डोळे पुसले आणि हळद डोळ्यात गेली.

मी फोन उभा धरला होता. उभ्या चौकटीत एकच चेहरा नीट मावतो. डाव्या काठाला मावशीच्या खांद्यावर चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या दिसतात. तेवढीच पारबताबाई.

मी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. तिथून कुणी कुणाला पाठवला माहीत नाही. काही महिन्यांनी गोंदियाकडच्या एका वरातीत कुण्या डीजेनं त्यावर ढोल चढवून वाजवला. मग तो खैरलांजीला वाजला, मग बैहरला, मग आमच्याच गल्लीत. तो लांबवलेला सूर कापून पुन्हा पुन्हा जोडला होता, इंदूऽऽ, इंदूऽऽ, इंदूऽऽ, आणि पोरं त्यावर उड्या मारत होती. मावशीला बोलावणी यायला लागली. एका ठिकाणी हार घालून तिला खुर्चीवर बसवलं. पोरी तिच्याबरोबर फोटो काढायच्या. तिला आवडलं, का नाही आवडणार? भाजीवाल्यानं ओळखलं तर ती कोथिंबीर जास्तीची मागून घ्यायची.

तो व्हिडिओ घेऊन ती गावी गेली, जाऊबाईला दाखवायला. परत आल्यावर भिंतीशी उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं. पारबताबाईनं फोन कानाला लावून ऐकला, बघितलाच नाही. मग म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. मग म्हणाली, "आवाज चांगला येते." आणि थोड्या वेळानं हसून, "तिथं इंदू लय लांबवली वं तू."

"बस?" मी विचारलं.

"बस. एवढंच," मावशी म्हणाली. "हासून म्हणाली. हासूनच म्हणाली ते." ती भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ नखानं खरवडत राहिली. "ते गाणं तिनं आपल्या पोरीच्या हळदीसाठी बनवलं होतं, निकी. 'पोर माही' म्हणजे तिची पोर. माह्या पोटी तं पोरच नाही."

मग तिनं बोटांवर ताल धरून मला ती ओळ म्हणून दाखवली, आधी एका नावानं, मग दुसऱ्या. पारबता सांगे ईहिणीले. नाव बरोबर बसलं, ना कमी ना जास्त. इंदू सांगे ईहिणीले. जागा उरली. ती उरलेली जागा भरायला मावशी तिथं सूर ओढायची. सगळा मुलूख ज्यावर नाचत होता ती पारबताबाईच्या नावाची रिकामी जागा होती.

त्यानंतर मावशी ऐकेना. "मले मोबाइलात गाणं भरणं शिकव," म्हणाली. मी तिच्या फोनवर लाल ठिपका दाखवला. दाबला की सुरू, पुन्हा दाबला की बंद. तिनं भिंतीवर बसलेल्या कावळ्यावर सराव केला. मी विचारलं, हे सगळं ऑनलाइन साठवून ठेवायची सोय करून देऊ का? तिनं विचारलं, ते कुठं राहते? मी माझ्या मोडक्या मराठीत समजावलं की दुसरीकडे, मोठ्या मोठ्या मशीनमध्ये.

"म्हणजे लोकाच्या घरी."

"तसंच काहीतरी."

"अन् उद्या त्यानं दार नाही उघडलं तं?" ती म्हणाली. "नाही वं बाई. एकदा लोकाच्या घरी गेलं, पाह्यलं नं काय झालं ते."

मी ती सोय केली नाही. करायला हवी होती की नाही, हे आजही सांगता येत नाही.

धान निघायच्या दिवसांत ती गावी गेली. या वेळी पारबताबाईला समोर बसवलं आणि स्वतः मागे बसली. घोगऱ्या आवाजात, अडखळत, मधेच "बंद कर वं, लाज वाटते" असं म्हणत पारबताबाईनं एकामागून एक गाणी म्हटली. शेवटी आपलं नाव घातलं. मावशीनं तिथून मला फोन केला. एवढं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "सगळे भरले! जाऊबाईच्या आवाजात! आता आली की तू त्याले तिचं नाव लावून पाठवजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या टाक्यावर हात धुताना फोन पाण्यात पडला.

ओला फोन तांदळात ठेवला की सुकतो, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. माझ्याच फोनमधलं ज्ञान. मी डब्यातल्या तांदळाबद्दल बोलत होते. पण मावशी होती खळ्यावर, आणि खळ्यावर समोर धानाची पोती उभी होती. डबाभर तांदळात सुकतो तर पोतंभर धानात लवकर सुकेल, या हिशोबानं तिनं हात कोपरापर्यंत आत घालून फोन मधोमध ठेवला, पोत्याचं तोंड बांधलं आणि स्वयंपाकाला गेली. ती भाकरी भाजत असताना घरच्या माणसांनी पोती ट्रॅक्टरवर चढवली आणि खरेदी केंद्रावर नेली.

ती मागोमाग गेली, कुणाच्या तरी मोटारसायकलवर. केंद्रावर पोत्यांच्या भिंती रचलेल्या. साऱ्या गावांची पोती, सगळी सारखी. हमालांना तिनं सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "मावशी, घंटी मारून पाहा नं, कोणत्या पोत्यातून वाजते!" सगळे हसले. तिनं खरंच दुसऱ्याचा फोन मागून आपला नंबर लावला. बंद. ती पोत्यांना कान लावत फिरली. मेलेला फोन वाजत नाही हे तिला कळत होतं, ती मला म्हणाली. "पण कान लावल्याशिवाय कसं यावं?"

पारबताबाई हसली होती म्हणे. "जाऊ दे. माह्या आवाजाचे पोहे होतीन आता. उन्हाळ्यात पुन्हा भरू."

उन्हाळा यायच्या आधी थंडीत पारबताबाई गेली. ताप काय आला आणि छातीत काय उतरला, गावाहून लांजीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

तेराव्यानंतर मावशी परतली ती सरळ आमच्या घरात आली. बसली नाही. "माह्या आवाजात घे," म्हणाली. "तिचं नाव घालून." मी फोन काढला. तिनं चटकन माझं मनगट धरून फोन वळवला. "आडवा धर." मग खाटेवर ती उजवीकडे सरकून बसली. डावीकडे, थोडं मागे, एका माणसाची जागा तिनं मोकळी सोडली. प्रत्येक ओळीच्या आधी मान मागे टाकली, वाट पाहिली, आणि मग गायली.

ते आम्ही सगळीकडे पाठवलं. मी माझ्याकडचा जुना व्हिडिओ काढून टाकला, ग्रुपवरचाही काढायचा प्रयत्न केला. गाणं कुणाचं आहे ते मला जमेल तशा मराठीत लिहून जिथं जिथं दिसला तिथं टाकलं. खाली लोकांनी फुलं आणि टाळ्या टाकल्या. वाचलं कुणी असं वाटलं नाही. मावशी रोज विचारायची, "कुठवर गेलं?" मी म्हणायचे, जातं आहे. ते आमच्या गल्लीच्या बाहेर गेलंच नव्हतं. एका पोरीनं तिला तोंडावर सांगितलं, "मावशी, नवीनमध्ये ती मजा नाही. ते इंदूऽऽ नाहीच त्यात." बरोबर होतं. नाव जागेवर बसल्यावर ओढायला काही उरतच नव्हतं.

मग ती दारोदार निघाली. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीत. "दाखव तुहा मोबाइल. हाय का माह्यं गाणं? काढ ते. हे घे." माणसं गमतीनं काढायची आणि ती वळली की पुन्हा मागवून घ्यायची. काही जण म्हणायचे, मावशीचं वय झालं. माझी आईसुद्धा एकदा म्हणाली, "इंदू, रीतच हाय ना गाणारणीचं नाव घालाची? तू काय चोरी केली?"

"अंगणात रीत होती," मावशी म्हणाली. "अंगणात ती मागं उभी होती." मग माझ्याकडे न बघता, "ह्या डब्यात मागं उभं राहाले जागा नाही."

माझ्याकडे ती बघत नव्हती ते मुद्दाम की सहज, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी काही तरी उत्तर शोधलं असतं.

मी नोकरीला जबलपूरला गेले. शेवटची भेट गल्लीतल्याच एका लग्नात झाली, हळदीच्या दुपारी. मावशी बरीच वाळली होती. बायका हळद लावत होत्या, पण गाणं कुणी म्हणत नव्हतं. मांडवाच्या टोकाला डीजे होता. मावशी काठी टेकत त्याच्याकडे गेली, मी मागे.

"बाबू, ते इंदूचं गाणं नको लावू. हे दुसरं हाय माह्यापाशी, हे लाव."

पोरगा पाया पडला. खरंच वाकून पडला. "अरे मावशी, आप खुद! मावशी, पब्लिक तो उसी पे नाचती है ना. तुमचंच नाव हाय, तुम्हीच नाही म्हणता?"

"माह्यं नाव हाय म्हणूनच नाही म्हणते, बावा."

त्याला कळलं नाही. त्यानं मोठ्या मानानं तिला स्पीकरजवळ खुर्ची दिली, माइकवर तिचं नाव पुकारलं आणि तेच गाणं लावलं.

मला वाटलं ती उठून जाईल. ती बसली. मला हातानं खुणावलं, आणि तळहात आडवा करून दाखवला. मी फोन आडवा धरला. खुर्ची तिनं उजवीकडे सरकवली, डावीकडे जागा ठेवली. शेवटचं कडवं आलं. तिनं मान मागे टाकली, क्षणभर थांबली आणि स्पीकरमधून इंदूऽऽ निघालं तशी त्या ओढलेल्या सुरात तिनं आपल्या आवाजात नाव घातलं. पारबता. डीजेनं सूर फिरवून पुन्हा लावला, पोरी ओरडल्या, तिनं पुन्हा घातलं. तो फिरवत राहिला, ती घालत राहिली, गळ्याच्या शिरा ताठ होईपर्यंत. तिच्या शेजारी उभी असलेली मीच काय ती ऐकत होते, तेही अर्धंमुर्धं. शेवटी तिला धाप लागली. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आलं का त्यात?"

मी म्हटलं, पाहून सांगते.

घरी जाऊन पाहिलं. तिचा आवाज त्यात नाही. नुसता ढोल, आणि स्पीकरमधली तिची स्वतःची जुनी हाक. तिला काय सांगावं ते ठरवत मी जबलपूरला परतले आणि ठरवतच राहिले.

तो व्हिडिओ मी ठेवला आहे, फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि लोकाच्या घरीही. स्टेटसला लावला नाही. लावला असता तर लोकांना वाटलं असतं, मावशी आपल्याच गाण्याबरोबर गाते आहे. आवाज बंद करून पाहिला तरच कळतं, ती कुणाचं नाव घेते आहे. उजवीकडे मावशी, डावीकडे रिकामी जागा, आणि तिचे ओठ एकदा मिटतात, उघडतात आणि लगेच पुन्हा मिटतात. इंदू म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत.